कुशन कटचा हिरा निवडताना: एकाच वजनाचे दोन खडे

गोल हिरा घेणाऱ्याचे काम तुलनेने सोपे असते, कारण जीआयए ही प्रयोगशाळा 2006 पासून गोल ब्रिलियंट हिऱ्याच्या प्रमाणपत्रावर कटची, म्हणजे घडणीच्या दर्जाची, स्वतंत्र श्रेणी देते. कुशन कटला, म्हणजे गोलसर कोपऱ्यांच्या चौकोनी किंवा लांबट हिऱ्याला, ही सोय नाही. त्याच्या प्रमाणपत्रावर पॉलिश (पृष्ठभागाची सफाई) आणि सिमेट्री (पैलूंची सममिती) यांच्या श्रेणी असतात, परंतु पैलू प्रकाश कसा परत पाठवतात याचा निवाडा घेणाऱ्यालाच करावा लागतो.

भाचीच्या साखरपुड्याच्या अंगठीसाठी खडा पाहत असताना आमच्यासमोर दोन कुशन आले. दोन्ही 1.01 कॅरेटचे, रंग जी (जवळजवळ रंगहीन), शुद्धता व्हीएस2 (अगदी बारीक दोष). कागदावर ते सख्खे भाऊ वाटले असते, पण मापे वेगळी होती. पहिला 5.90 बाय 5.60 मिलिमीटरचा आणि 3.70 मिलिमीटर खोल, दुसरा 5.45 बाय 5.30 मिलिमीटरचा आणि 3.95 मिलिमीटर खोल. कुशनच्या खोलीची टक्केवारी रुंदीवर काढतात, लांबीवर नाही. त्या हिशेबाने पहिल्याची खोली 66 टक्के आणि दुसऱ्याची साडेचौऱ्याहत्तर टक्के भरते. लांबी-रुंदीचा गुणाकार करून पाहिला तर पहिला खडा वरून सुमारे 14 टक्के मोठा दिसणार हे उघड होते. दुसऱ्याचे वजन पोटात आणि जाड गर्डलमध्ये, म्हणजे खड्याच्या कडेच्या पट्ट्यात, गेले होते, म्हणजे अंगठीत बसवल्यावर जे कधीच दिसणार नाही त्याचेही पैसे पूर्ण कॅरेटच्या भावाने मोजावे लागले असते.

माझ्या मते कुशनची खोली 61 ते 68 टक्के असावी आणि 70 च्या वर गेल्यास त्यामागचे कारण विचारावे. मात्र ही आकडेवारी नकार देण्यासाठी जितकी उपयोगी आहे तितकी पसंतीसाठी नाही. एकूण खोलीत क्राउनची (गर्डलच्या वरच्या भागाची) उंची किती आणि पॅव्हिलियनचा (खालच्या भागाचा) वाटा किती हे अशा आकारांच्या प्रमाणपत्रावर सहसा दिलेले नसते, आणि तिथे छापलेली बाजूची आकृतीही त्या खड्याच्या खऱ्या प्रमाणात काढलेली नसते. म्हणून खडा चिमट्यात आडवा धरून बाजूने पाहावा. पहिल्याचे टेबल, म्हणजे माथ्यावरचा सपाट पैलू, रुंदीच्या 58 टक्के होते आणि क्राउन बाजूने उंच, ठसठशीत दिसत होता. दुसऱ्याचे टेबल 68 टक्के आणि क्राउन जवळजवळ सपाट. रंगांच्या ठिणग्या उडण्यात उंच क्राउन आणि लहान टेबल यांचा मोठा हात असतो. कुशनचा पूर्वज असलेल्या ओल्ड माइन कटची घडण अशीच होती, आणि मेणबत्त्यांच्या उजेडात तो खुलून दिसायचा तो त्यामुळेच.

प्रकाशाच्या बाबतीत फरक अधिकच ठळक होता. पहिल्यात मोजके, मोठे पैलू होते. खडा हलवला की एक भाग उजळे, शेजारचा काळोखा होई आणि पुन्हा उलट. दुसऱ्याच्या पॅव्हिलियनवर पैलूंची जादा रांग होती, त्यामुळे बारीक चुरा केलेल्या बर्फासारखी अखंड लुकलुक दिसत होती. प्रमाणपत्रावर पहिल्या घडणीला ‘कुशन ब्रिलियंट’ आणि दुसरीला ‘कुशन मॉडिफाइड ब्रिलियंट’ म्हणतात, तरी नावावर विसंबू नये, कारण मॉडिफाइड खड्यांतही मोठ्या, स्पष्ट पैलूंचे खडे मिळतात. दुकानातल्या प्रखर दिव्यांखाली दोन्ही सारखेच झळाळत होते. आम्ही ते खिडकीपाशी नेले आणि मग हाताच्या सावलीत धरले, तेव्हा पहिल्याचे पाणी टिकले, तर दुसऱ्याचा मधला भाग राखाडी आणि निर्जीव दिसू लागला.

दुसऱ्या प्रकारच्या घडणीला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. बारीक पैलूंच्या गर्दीत लहानसहान दोष सहज लपतात, आणि पिवळ्या फॅन्सी रंगाच्या हिऱ्यात हीच घडण रंग गडद करते, म्हणून तिथे ती मुद्दाम वापरतात. रंगहीन खड्यात मात्र हाच गुण आड येऊ शकतो. कुशन मुळातच गोल हिऱ्यापेक्षा रंग जास्त दाखवतो. त्यामुळे प्लॅटिनम किंवा पांढऱ्या सोन्यात बसवायचा असेल तर रंगाची एखादी श्रेणी वर, म्हणजे अधिक रंगहीन खड्याकडे, जाणे मला योग्य वाटते, पिवळ्या सोन्यात तेवढी गरज नाही.

आकार चौकोनी हवा की लांबट, हा पूर्णपणे आवडीचा प्रश्न आहे. लांबी-रुंदीचे गुणोत्तर 1.05 पर्यंत असेल तर डोळ्याला खडा चौकोनीच दिसतो, 1.15 ते 1.20 ला तो स्पष्ट लांबट होतो आणि बोटही लांब भासते. लांबट खडा घेताना मध्यावर आडवी काळी पट्टी पडते का ते पाहावे. खडा थोडा डोलवल्यावर पट्टी हलून उजळत असेल तर हरकत नाही, पण जागची न हलणारी पट्टी असलेला खडा परत द्यावा.

भाचीने पहिला खडा निवडला. पैसे देण्यापूर्वी आम्ही त्याचे गर्डल दहापटीच्या भिंगातून चारही कोपऱ्यांवर पाहिले, कारण अंगठीच्या नख्या तिथेच आवळल्या जातात आणि एखाद्या कोपऱ्यावर ते फार पातळ असेल तर जडावाच्या वेळीच टवका उडू शकतो.