अ‍ॅडापॅलीन की ट्रेटिनॉइन? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी

पिंपल्स असोत की डोळ्यांच्या कडेच्या बारीक सुरकुत्या, स्किनच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा या दोनपैकी एक नाव येतं. दोन्ही ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातली, पण स्वभाव वेगळे.

दुखणं फक्त पिंपल्स आणि ब्लॅकहेड्सचं असेल, तर माझं मत अ‍ॅडापॅलीनच्या बाजूने आहे. ०.१ टक्क्याचं जेल त्वचेला कमी झोंबतं, उजेडात टिकतं आणि बेंझॉइल पेरॉक्साइड या पिंपल्सवरच्याच दुसऱ्या औषधाबरोबर चालतं, म्हणून दोन्ही एकत्र असलेलं जेलही मिळतं. साधं ट्रेटिनॉइन उजेडात आणि पेरॉक्साइडबरोबर निकामी होतं. ते रात्रीच लावायचं.

सुरकुत्या आणि उन्हाने रापलेली त्वचा हा मुद्दा असेल, तर मात्र ट्रेटिनॉइनच. पिंपल्ससाठी त्याला अमेरिकेत १९७१ साली मान्यता मिळाली. रुग्णांची त्वचा नितळ होतेय हे पुढे लक्षात आलं, आणि १९९५ मध्ये बारीक सुरकुत्यांसाठीही मान्यता आली. ते त्वचेत नवं कोलॅजन, म्हणजे त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन, तयार करायला लावतं. सुरुवात ०.०२५ टक्क्यानेच करावी, तीही एक दिवस आड. पिंपल्सना फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, सुरकुत्यांना सहा महिने किंवा जास्त. पहिल्या काही आठवड्यांत पिंपल्स उलट वाढल्यासारखे वाटतात. बरेच जण नेमकं तिथेच सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्याकडची खरी अडचण हवेची आहे. बाहेर दमट, म्हणून आपण मॉइश्चरायझर टाळतो. आणि ऐरोली-महापेच्या ऑफिसात दिवसभर एसीखाली बसलं की नाकाच्या बाजूची, ओठांच्या कोपऱ्यांची सालं निघतात. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर जळजळ झाली की काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. म्हणून औषध मटाराच्या दाण्याएवढंच, कोरड्या चेहऱ्यावर, वर साधं मॉइश्चरायझर. घोडबंदर रोडवर स्कूटरने जाणाऱ्यांनी सकाळी एसपीएफ ३०च्या वरचं सनस्क्रीन लावायचंच, ढगाळ पावसाळ्यातही. पार्लरमध्ये अपर लिपचं वॅक्सिंग तर नकोच, कातडी सोलली जाते.

एक गोष्ट कळकळीने सांगते. मेडिकलमध्ये ‘डाग जायचं क्रीम’ मागितलं की कधीकधी ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन (डाग फिके करणारं औषध) आणि मोमेटासोन असं तिन्ही असलेलं हातात पडतं. मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. चेहरा आठवड्यात उजळतो म्हणून बायका ते वर्षानुवर्षं लावतात, मग कातडी पातळ होते, लाली येते, बंद केलं की पुरळ उठतं. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. तिन्ही नावं असतील, तर डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी दिल्याशिवाय ते लावू नका.

गरोदर असाल किंवा बाळाचा विचार चालू असेल, तर अ‍ॅडापॅलीनही नको आणि ट्रेटिनॉइनही नको. डॉक्टरांना तसं सांगा, अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिडसारखे पर्याय आहेत.