डीआयसीचे सात महिने: पहिला महिना नुसता ठिपक्यांत गेला

अंबड एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये डीआयसीचा, म्हणजे डिजिटल इमेज कोरिलेशनचा सेट येऊन सात महिने झाले. पार्टवर पांढरा रंग, त्यावर काळे ठिपके मारायचे. लोड वाढतो तसे ठिपके सरकतात आणि सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोत त्यांचा माग काढून स्ट्रेनचा, म्हणजे पार्ट कुठे किती ताणला गेला त्याचा, रंगीत नकाशा देतं.

डेमोत सगळं झकास दिसलं, कारण ठिपके विकणाऱ्यांनीच मारून आणले होते! फोटोत एक ठिपका साधारण ३ ते ५ पिक्सेलचा हवा. नोझल अर्धवट दाबून, लांबून काळा फवारा अलगद पडू द्यायचा, ही युक्ती शेवटी आमच्या पेंटरनेच दाखवली. जुलैच्या झडीत रंग वाळेना, म्हणून आदल्या दिवशी रंगवायला लागलो, तर जास्त ताणाला तो पापुद्र्यासारखा सुटायला लागला. आता सकाळी रंग, दुपारी टेस्ट.

खरा दणका वेगळाच. सपाट पट्टीला एकच कॅमेरा पुरेल म्हणून सेटमधला दुसरा काढून ठेवला. कॅमेऱ्यापासून पट्टीचं अंतर ५०० मिमी. यूटीएमच्या (ओढून-दाबून टेस्ट करायच्या मशीनच्या) जबड्यात बसताना पट्टी अर्धा मिमी पुढे आली आणि लोड नसताना १००० मायक्रोस्ट्रेन (म्हणजे लांबीच्या हजाराव्या भागाइतकी वाढ) दिसले! स्टीलमध्ये एवढा स्ट्रेन यायला सुमारे २०० एमपीए (मेगापास्कल) ताण लागतो. वस्तू जवळ आली की मोठी दिसते, एवढंच. तेव्हापासून दोन्ही कॅमेरे, म्हणजे पुढे-मागे सरकणंही कळतं, आणि टेस्टआधी तासभर ते चालू ठेवतो. तापेपर्यंत आकडे हलतात.

स्ट्रेन गेज (पार्टवर चिकटवून स्ट्रेन मोजायच्या छोट्या पट्ट्या) मोडीत काढलेत का? मुळीच नाही. आमच्या सेटवर १०० मायक्रोस्ट्रेनच्या खाली नुसती खरखर, तिथे गेजच. पण गेज फक्त चिकटवलेल्या जागेचं सांगतो. माइल्ड स्टीलची पट्टी यील्ड होताना (कायमची ताणली जायला लागताना) ल्यूडर्सचे पट्टे, म्हणजे ताणल्या गेलेल्या भागाचे पट्टे, तिरके सरकत जाताना पडद्यावर पाहिले, तेव्हा चहा गार झाला तरी कुणी हललं नाही. एका ब्रॅकेटला आम्ही वर्षभर वेल्डजवळ गेज लावत होतो. नकाशात सगळ्यात लाल, म्हणजे सर्वाधिक स्ट्रेनची जागा निघाली आतल्या वळणावर.

सर्व्हिसचं मात्र रडगाणं आहे. कॅमेरे जुळवून घ्यायच्या कॅलिब्रेशन प्लेटला ओरखडा पडला, नवी यायला सहा आठवडे लागले.

घेणार असाल तर डेमोला स्वतःचा तेलकट पार्ट न्या, ठिपके तुमच्या माणसाकडून मारून घ्या आणि लोड न देता दहा फोटो काढायला लावा. तिथे शून्याऐवजी किती येतं ते लिहून घ्या, मग भावाचं बोला.