फिबोनाची की गाल्वा? वेगवान पीआरबीएससाठी कोणतं रजिस्टर घ्यावं

सोलापुरात फायनल इयरला कुणी पीआरबीएस जनरेटर (यादृच्छिक वाटणारा पण ठरलेला बिटांचा क्रम काढणारं सर्किट) प्रोजेक्टला घेतला की फिबोनाची रजिस्टर चांगलं की गाल्वा, हा वाद ठरलेला. दोन्ही फीडबॅकची शिफ्ट रजिस्टरच: एकेक बिट धरणाऱ्या फ्लिप-फ्लॉपची (स्टेजची) रांग, आणि टॅप म्हणजे फीडबॅकशी जोडलेल्या स्टेज. वर्गात बहुतेक वेळा गाल्वा जिंकतो, आणि कारणही रास्त आहे. गाल्वात दोन फ्लिप-फ्लॉपच्या मध्ये एकच एक्स-ऑर (दोन बिट वेगळे असले तरच एक देणारं गेट) येतो. फिबोनाचीत सगळे टॅप आधी एकत्र करायचे, म्हणजे चार टॅपना एकामागे एक दोन गेटं. एचसी सिरीजच्या लॉजिक चिपांमध्ये पाच व्होल्टला प्रत्येक गेटचे दहा-बारा नॅनोसेकंद जातात.

पण डेटा लिंक तपासायला नेहमी लागणारे ७, १५, २३ आणि ३१ स्टेजचे क्रम दोनच टॅपवर चालतात. तिथे दोन्हीकडे गेट एकच, तेव्हा वेगावरून भांडण्यात अर्थ नाही. खरा प्रश्न ८, १६, ३२ स्टेजचा, कारण आठच्या पटीत दोन टॅपवर पूर्ण लांबीचा (सगळे शून्य सोडून प्रत्येक स्थितीतून जाणारा) क्रम मिळतच नाही.

माझं मत मात्र वेगावर ठरलं नाही, चेकरवर (आलेला क्रम बरोबर आहे का ते तपासणाऱ्या सर्किटवर) ठरलं. फिबोनाची रजिस्टरमध्ये जे दिसतं ते म्हणजे बाहेर गेलेले शेवटचे बिट, जसेच्या तसे. त्यामुळे समोरून आलेले बिट तशाच रजिस्टरमध्ये सरकवत राहिलं की स्टेज भरताच चेकर आपोआप जुळतो. (एक चूक दोन टॅपच्या चेकरमध्ये तीनदा मोजली जाते, तेवढं लक्षात ठेवा.) गाल्वात आतली स्थिती आणि बाहेरचा क्रम यांचा असा सरळ मेळ नाही. स्कोपवर एकेक स्टेज बघत, कागदावर हिशेब करत बसावं लागतं. मला तरी त्याचा फार कंटाळा येतो.

शिवाय ७४एचसी१६४ (आठ स्टेजच्या शिफ्ट रजिस्टरची चिप) कुठेही मिळतो, आणि १६ स्टेजच्या फिबोनाचीला दोन पुरतात. गाल्वात तेच रजिस्टर तीन ठिकाणी तोडावं लागतं. जास्त वेगाची एसी सिरीज हवी असेल तर पुण्याहून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवायची, त्यात जास्तीच्या चिपा कशाला?

मायक्रोकंट्रोलरवर कोड लिहिणार असाल तर खुशाल गाल्वा घ्या. एक शिफ्ट, एक मास्क, झालं काम. हार्डवेअरमध्ये वेगच हवा असेल तर फिबोनाचीलाही पळवता येतं. १६ स्टेजच्या रजिस्टरचे १६, १५, १३, ४ हे टॅप एक स्टेज अलीकडून, म्हणजे १५, १४ आणि १२, ३ असे जोडीने घ्या. दोन्ही एक्स-ऑरचे निकाल एका ७४७४ मधल्या दोन फ्लिप-फ्लॉपमध्ये धरा आणि त्यांचा एक्स-ऑर पहिल्या स्टेजला द्या. आता कोणत्याही वाटेवर गेट एकच.

त्या दोन फ्लिप-फ्लॉपपैकी एकाचा क्यू-बार (उलटा आउटपुट) वापरलात तर आणखी एक फायदा: क्लिअर केल्यावर सगळे शून्य झाले तरी सर्किट अडकत नाही (एरवी शून्यांचा एक्स-ऑर शून्यच येत राहतो), आणि त्यासाठी वेगळा इन्व्हर्टर लागत नाही. फक्त मग सगळे एक ही अडकण्याची स्थिती होते, आणि क्लिअरनंतर तिथे पोचण्याची वाट नाही.