अमेरिकेतल्या घरांचे भाव 'फ्रेड'वर पाहताना: साधन उत्तम, पण पहिल्याच आलेखावर थांबू नका

सेंट लुईसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचं 'फ्रेड' हे आर्थिक आकडेवारीचं संकेतस्थळ फुकट आहे, खातं न उघडताही वापरता येतं. अमेरिकेच्या घरबाजाराचा आलेख काढायला याहून सोयीची जागा नाही. तरीही इथूनच चुकीचे आलेख उचलले जातात, कारण मालिका, म्हणजे काळानुसार नोंदलेल्या आकड्यांची रांग, निवडताना गफलत होते.

सगळ्यात जास्त फसवते ती विकल्या गेलेल्या घरांची मध्यक किंमत, म्हणजे किमती चढत्या क्रमानं लावल्यावर बरोबर मधे येणारी. ही तिमाही मालिका थेट 1963 पासूनची आहे, त्यामुळे मोह होतो. पण तिच्यात फक्त नवी घरं मोजलेली असतात. बिल्डरांनी एखाद्या वर्षी लहान घरं जास्त विकली, की मध्यक खाली येतो. कुणाचं राहतं घर तेवढ्यानं स्वस्त झालेलं नसतं.

भाव खरोखर चढला का हे पाहायचं तर केस-शिलर हा घरांच्या किमतींचा राष्ट्रीय निर्देशांक घ्या. यात तेच घर पुन्हा विकलं गेलं की आधीच्या आणि आताच्या किमतीची तुलना होते. मालिका जानेवारी 1987 पासून दरमहा आहे, जानेवारी 2000 म्हणजे 100. नावाच्या शेवटी 'एनएसए' असेल तर हंगामी चढउतार काढलेले नाहीत. वर्षभरातला टक्केवारी बदल पाहायला ती चालते, पण महिन्याची महिन्याशी तुलना करायची तर हंगामी चढउतार काढलेली 'एसए'च हवी, नाहीतर उन्हाळ्यातली नेहमीची वाढ तेजी वाटते. आणखी एक: हा निर्देशांक तीन महिन्यांची सरासरी असतो आणि सुमारे दोन महिने उशिरा येतो. वळण दिसेपर्यंत बाजार पुढे गेलेला असतो.

आता महागाई वजा करा. 'एडिट ग्राफ' दाबा, 'कस्टमाइझ डेटा'मध्ये ग्राहक किंमत निर्देशांक शोधून जोडा आणि सूत्राच्या चौकटीत ए भागिले बी (a/b) लिहा; ए म्हणजे घरांचा निर्देशांक, बी म्हणजे ग्राहक किंमत निर्देशांक. जोडण्याची पेटी पहिल्याच रेषेखालची घ्या. 'ॲड लाइन'मधून जोडलंत तर दुसरी स्वतंत्र रेषा उमटते, भागाकार होत नाही. शेवटी एकक बदलून जानेवारी 2000 ला 100 करा. या एका आलेखासाठी फ्रेड शिकावं. साध्या आकड्यांत जुलै 2006 मधलं 184.6 चं शिखर फेब्रुवारी 2012 पर्यंत 134 च्या आसपास घसरलं आणि 2016 मध्ये पुन्हा ओलांडलं गेलं. महागाई वजा केली तर तेच शिखर ओलांडायला 2021 उजाडावं लागतं. पाच वर्षांचा हा फरक साध्या रेषेत अजिबात दिसत नाही.

नव्या घरांच्या बांधकामाची सुरुवात मोजणारी मालिका हजारांत आणि वार्षिक गतीनं दिलेली असते. 1,400 दिसलं तर त्या महिन्यात 14 लाख घरं सुरू झाली असं नव्हे. त्याच वेगानं वर्षभर काम चाललं तर 14 लाख होतील. गृहकर्जाचा 30 वर्षांचा दर आठवड्याचा असतो. तो किमतीशेजारी ठेवताना वारंवारिता मासिक आणि पद्धत सरासरी ठेवा. दोन उभे अक्ष वापरणं शक्यतो टाळा, कारण अक्ष ताणून कोणत्याही दोन रेषा एकमेकींना चिकटवता येतात.

तक्रारीची जागाही आहे. जुन्या घरांच्या विक्रीची रिअल्टर (घरविक्री दलाल) संघटनेची मालिका परवान्याच्या अटींमुळे जेमतेम वर्षभराचीच मिळते, दीर्घ आलेख होत नाही. टेक्सासमध्ये घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबांना केस-शिलरच्या 20 शहरांत डॅलस सापडेल, ह्यूस्टन नाही. तिथे एफएचएफए या गृहवित्तावर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचा घरांच्या किमतींचा राज्यनिहाय निर्देशांक घ्यावा. तो तिमाही आहे, पण 1975 पासूनचा, आणि न्यू जर्सीसाठीही आहे.

भारताचीही घरांच्या किमतींची तिमाही मालिका इथे आहे, बीआयएस या मध्यवर्ती बँकांच्या आंतरराष्ट्रीय बँकेकडून आलेली, 2010 म्हणजे 100. मात्र 'रिअल' आणि 'नॉमिनल' या दोन वेगळ्या मालिका आहेत. 'रिअल'मधून महागाई आधीच वजा झालेली असते, तिला पुन्हा भागू नका. आणि हा आकडा देशाचा आहे, पुण्यातल्या फ्लॅटचा भाव त्यातून काढायला जाऊ नका.