मिनी पीसी: काही महिन्यांच्या वापरानंतर, वेगापेक्षा सुरक्षेच्या बंदोबस्ताबद्दल जास्त

जुना टॉवर, म्हणजे उभ्या मोठ्या डब्याचा डेस्कटॉप, बाजूला काढून त्याच्या जागी मिनी पीसी आणला, त्याला आता बरेच महिने झाले. दिवसभर चालू असतो. वेगाचं सुरुवातीलाच सांगून टाकतो: कागदपत्रं, मोठ्या एक्सेल शीट, ब्राउझरमध्ये ढीगभर टॅब, व्हिडिओ कॉल, फोटोंची किरकोळ कामं, यात कुठेच अडत नाही. आतला प्रोसेसर लॅपटॉपच्या जातीचाच आहे, पण इथे बॅटरी वाचवायची नसल्यामुळे तो सलग कामातही दम टिकवून धरतो. जड गेम आणि थ्रीडी रेंडरिंग करणाऱ्यांनी मात्र याच्या वाटेला जाऊ नये. वेगावर याहून जास्त लिहीत नाही, कारण मला सांगायचं आहे ते वेगळंच.

हा डबा एका तळहातावर मावतो. टॉवर उचलून न्यायचा तर दोन्ही हात लागतात आणि नेणारा माणूस सगळ्यांना दिसतो. हा मात्र कुठल्याही सॅकमध्ये सहज जातो. म्हणजे चोरीच्या दृष्टीने हा लॅपटॉपच. आपण मात्र त्याला वागवतो डेस्कटॉपसारखं: कायम चालू, लॉक न केलेला, सगळ्यांना मिळून एकच खातं आणि ड्राइव्हवर सगळं उघडं. लॅपटॉप हरवला तर काय होईल याचा विचार आपण करतो, टेबलावरच्या डब्याबद्दल तो विचार मनात येत नाही. मिनी पीसी लावताना सगळी मांडणी या एका गोष्टीला धरून करावी, असं माझं ठाम मत झालं आहे.

मी बेअरबोन मॉडेल घेतलं, म्हणजे रॅम (चालू कामाची मेमरी), एसएसडी (डेटा साठवणारी ड्राइव्ह) आणि विंडोज आपणच टाकायचं. तळाचे चार स्क्रू काढले की झाकण सुटतं. काही मॉडेलमध्ये झाकणाच्या आतून एक पातळ रिबन केबल बोर्डाला गेलेली असते, म्हणून ते हिसका देऊन ओढू नये. एम.२ एसएसडी तिरकी धरून खाचेत सरकवायची, मग हलकेच खाली दाबून स्क्रू लावायचा. हा स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढासुद्धा नसतो. चुंबकीय टोकाचा स्क्रूड्रायव्हर हाताशी ठेवा, नाहीतर तो बोर्डावर कुठेतरी गडप होतो. एसएसडीवर थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणारी मऊ पट्टी) बसतो, त्याच्यावरचा पातळ प्लास्टिकचा पापुद्रा आधी काढायचा. रॅम लॅपटॉपची, म्हणजे एसओ-डिम प्रकारची. एकच मोठी पट्टी टाकण्यापेक्षा सारख्या क्षमतेच्या दोन टाका, कारण यातल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते याच रॅमवर चालतं आणि दोन पट्ट्यांमुळे त्याला रुंद रस्ता मिळतो. रॅम डीडीआर५ या नव्या पिढीची असेल तर पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते. बोर्ड तेव्हा रॅमची जुळवणी करत असतो. घाबरून बटण दाबून बंद करू नका.

विंडोज टाकण्याआधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, अर्धा तास द्या. सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त सही असलेलेच प्रोग्रॅम चालू देणारी सोय) चालू आहे का ते बघा. टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारा सुरक्षेचा भाग) चालू आहे का तेही बघा, इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी या नावाने आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने सापडेल. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालवू शकणारं मशीन लागतंच, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यामुळे नव्या मशीनवर जुनं टाकण्यात अर्थ नाही. यूएसबीवरून बूट होणं विंडोज टाकून झाल्यावर बंद करा आणि बायोसला ॲडमिन पासवर्ड ठेवा. पण त्या पासवर्डवर विसंबू नका. कित्येक बोर्डांवर आतला जम्पर (बोर्डावरची छोटी जोडपिन) हलवला किंवा बटणसेल काढला की तो पुसला जातो, आणि झाकण किती सहज उघडतं ते वर सांगितलंच आहे.

आधीपासून विंडोज टाकलेला पीसी मिळाला असेल तरी ड्राइव्ह पूर्ण पुसून मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घेतलेल्या फाइलने विंडोज नव्याने टाका. हा निव्वळ संशयीपणा नाही. २०२४ च्या सुरुवातीला एका कंपनीच्या काही मिनी पीसींमध्ये कारखान्यातून आलेल्या विंडोजसोबतच स्पायवेअर सापडलं होतं. तेव्हा रिकव्हरी पार्टिशनवरूनही (ड्राइव्हवर कंपनीने राखलेल्या भागावरूनही) रीसेट करू नका, सगळी पार्टिशनं उडवून कोरी सुरुवात करा.

आता मुख्य गोष्ट, एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात डेटा ठेवणं. ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेली नसेल तर लॉगिनच्या पासवर्डला चोरासमोर काहीच किंमत नाही. एसएसडी काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की सगळे फोल्डर समोर. विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर असतं, होममध्ये त्याचंच सोपं रूप डिव्हाइस एन्क्रिप्शन नावाने सेटिंग्जमध्ये मिळतं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने विंडोज टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की ते बहुतेक मशीनवर आपोआप चालू होतं. लिनक्स टाकणाऱ्यांनी इन्स्टॉल करतानाच लक्स एन्क्रिप्शनच्या चौकटीत टिक करावी, नंतर ते करणं फार किचकट जातं.

बिटलॉकर एक रिकव्हरी की देतं, ४८ आकड्यांची, सहा-सहाच्या आठ गटांत. ही कागदावर छापून घ्या आणि तो कागद पीसीपासून दूर ठेवा. शिवाय मायक्रोसॉफ्ट खात्यात ती खरोखर जमा झाली आहे का, हे मोबाइलवरून लॉगिन करून डोळ्यांनी बघा. तीच की त्याच पीसीच्या डेस्कटॉपवर टेक्स्ट फाइलमध्ये ठेवणं म्हणजे कुलूप लावून किल्ली त्याच दाराच्या खिळ्याला टांगणं. ही की लागते कधी, तर बायोस अपडेट केल्यावर किंवा सिक्युअर बूटच्या सेटिंग बदलल्यावर. टीपीएमला बूटची साखळी ओळखीची वाटली नाही की ते किल्ली सोडत नाही आणि निळ्या पडद्यावर हे ४८ आकडे मागितले जातात. म्हणून मी प्रत्येक बायोस अपडेटच्या आधी कंट्रोल पॅनलमधून बिटलॉकर सस्पेंड करतो. सस्पेंड म्हणजे डिक्रिप्ट नव्हे, डेटा तसाच राहतो, संरक्षण तेवढ्यापुरतं थांबतं आणि रीस्टार्ट झाल्यावर परत चालू होतं. झालं की नाही याची खात्री मात्र करतो.

इथे मिनी पीसीचा एक फायदा आहे, जो कुठे लिहिलेला मला दिसला नाही. याला बॅटरी नसते. उचलून न्यायचा तर वायर काढावीच लागते, आणि वायर निघाली की मशीन बंद. ड्राइव्हची किल्ली मशीन चालू असताना किंवा स्लीपमध्ये असताना रॅममध्ये असते, ती वीज गेल्यावर पुसली जाते. चोराने नंतर कुठेही चालू केला तरी तो लॉगिनच्या पडद्याशी थांबतो. स्लीपमधला लॅपटॉप चोरीला गेला तर ही सोय नसते. प्रो आवृत्तीत बूटच्या आधीच पिन मागण्याची व्यवस्थाही करता येते. ज्यांच्याकडे दुसऱ्यांची कागदपत्रं असतात, म्हणजे वकील, डॉक्टर, हिशेबनीस, त्यांनी ती जरूर करावी.

बॅटरी नसण्याची दुसरी बाजू अशी की क्षणभर वीज गेली तरी उघडी फाइल जाते. छोटा यूपीएस लावलाच पाहिजे. मिनी पीसीला वीज इतकी कमी लागते की टॉवरला जेमतेम पुरणारा यूपीएस याला आरामात पुरतो. मॉडेमही त्याच्यावरच घ्या.

खात्यांबद्दल थोडक्यात. ॲडमिनिस्ट्रेटर खातं वेगळं, रोज वापरायचं खातं स्टँडर्ड, आणि घरात जितकी माणसं वापरतात तितकी खाती. सुरुवातीला काही इन्स्टॉल करताना पासवर्ड मागितला की कंटाळा येतो, पण एखादी फाइल उघडल्यावर तो विनाकारण मागितला गेला की तेव्हाच सावध होता येतं. पासवर्ड लांब ठेवा. दर महिन्याला बदलायची गरज नाही, अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनेही २०१७ पासून सक्तीच्या नियमित बदलाविरुद्ध सल्ला दिला आहे. रोजच्या लॉगिनला पिन चांगली, कारण ती त्याच मशीनच्या टीपीएमशी बांधलेली असते आणि चुकीचे अंदाज वाढले की टीपीएम दार बंद करतं. उठताना विंडोज आणि एल ही दोन बटणं दाबायची सवय मात्र अंगवळणी पडायला हवी. बोटांना ती एकदा लागली की वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही.

अपडेटच्या बाबतीत चालढकल नको. मायक्रोसॉफ्टची मासिक अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमने) जगभर कॉम्प्युटर बंद पाडले, ब्रिटनमधली रुग्णालयंसुद्धा त्यात अडकली. त्याने वापरलेल्या दोषावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, मार्चमध्येच आला होता. ज्यांनी तो टाकून घेतला त्यांना त्या दोषातून धोका नव्हता.

वायरलेस कीबोर्ड-माउसबद्दल दोन गोष्टी. माझा माउस मध्येच अडखळायचा, विशेषतः बाहेरची ड्राइव्ह चालू असताना. याचं कारण माउस नव्हे. यूएसबी ३ च्या जोडण्या २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट करतात, इंटेलने २०१२ मध्येच तसं दाखवून दिलं आहे. टॉवरमध्ये पोर्ट एकमेकांपासून लांब असतात, इथे डाँगल (माउसचे सिग्नल घेणारा छोटा यूएसबी तुकडा) आणि ड्राइव्ह खांद्याला खांदा लावून बसतात. हातभर लांबीची यूएसबी २ एक्स्टेन्शन वायर लावून डाँगल टेबलावर आणला आणि त्रास संपला. दुसरी गोष्ट सुरक्षेची: २०१६ मध्ये माउसजॅक नावाने उघड झालेल्या दोषांमुळे कित्येक कंपन्यांच्या डाँगलमधून लांबूनच खोटी बटणं दाबता येत होती. जुना डाँगल कपाटातून काढून नव्या पीसीला लावणार असाल तर त्याच्या फर्मवेअरचं (आतल्या मूळ प्रोग्रॅमचं) अपडेट मिळतंय का ते बघा, नसेल तर वायरचा कीबोर्ड घ्या.

बॅकअप दोन ठिकाणी ठेवतो, एक क्लाउडवर आणि एक बाहेरच्या ड्राइव्हवर. ती ड्राइव्ह बॅकअपपुरतीच जोडतो, कारण रॅन्समवेअर आलं तर जोडलेली ड्राइव्हही ते कुलूपबंद करतं. बॅकअपची ड्राइव्हसुद्धा एन्क्रिप्ट केलेली असावी. विंडोज सिक्युरिटीमध्ये रॅन्समवेअरपासून संरक्षणाच्या पानावर कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस मिळेल, ते मुळात बंद असतं. चालू केल्यावर एखाददुसरा प्रामाणिक प्रोग्रॅमही अडतो, त्याला यादीत परवानगी द्यावी लागते. तेवढी खटपट मला परवडते.

आता तक्रारी. पंख्याचा आवाज सुरुवातीला जाणवत नव्हता, काही महिन्यांनी तो बारीक किणकिणता झाला. उघडून पाहिलं तर पंख्यामागच्या जाळीत धुळीची एक सलग पट्टी साचलेली. पंख्याचं पातं बोटाने धरून हवेच्या फवाऱ्याने ती काढली, आवाज गेला. मॉनिटरच्या मागच्या ठरावीक भोकांना बसणाऱ्या वेसा पट्टीवर लावलेला पीसी छान लपतो, पण पॉवर बटण चाचपडत शोधावं लागतं. अडॅप्टरची वीट पीसीच्या जवळपास निम्म्या आकाराची आहे आणि तिची पिन जरा धक्का लागला की निघते, म्हणून वायर टेबलाच्या कडेला क्लिपने बांधून घेतली. केन्सिंग्टन कुलपाची खाच असेल तर पोलादी दोरी लावा. मन लावून चोरी करणाऱ्याला ती अडवणार नाही, जाता जाता उचलणाऱ्याला अडवेल.

सगळ्यात मोठी नाराजी बायोस अपडेटवर आहे. माझ्या मशीनच्या कंपनीने पहिल्या काही महिन्यांत एक अपडेट दिलं, मग शांतता. विंडोज अपडेट इथे फार कामाला येत नाही, कारण लहान ब्रँडचं फर्मवेअर त्यातून क्वचितच येतं. डिसेंबर २०२३ मध्ये उघड झालेल्या लोगोफेल दोषांवर इलाज फर्मवेअर बदलणं हाच होता, कारण बूटच्या वेळी दिसणारं चित्र वाचणाऱ्या कोडमध्येच ते दोष होते. सिक्युअर बूटची २०११ ची मायक्रोसॉफ्ट प्रमाणपत्रंही जून २०२६ पासून मुदतबाह्य होऊ लागतात. नवी २०२३ ची प्रमाणपत्रं विंडोज अपडेटमधून येतात, तरी काही मशीनना आधी कंपनीचं फर्मवेअर अपडेट लागतं. इंटेलने २०२३ मध्ये आपल्या एनयूक या मिनी पीसी मालिकेतून अंग काढून घेतलं तेव्हा निदान असुसने ती पुढे चालवायला घेतली, लहान ब्रँडच्या मागे असं कुणी उभं राहीलच असं नाही. पुढचा मिनी पीसी घेताना मी प्रोसेसरच्या आकड्यांआधी कंपनीच्या साइटवर तीन वर्षं जुन्या मॉडेलचं डाउनलोड पान उघडणार आणि तिथल्या शेवटच्या बायोसची तारीख बघणार.