वैलावरचा बटाटा: स्लो कुकर दहा महिने वापरल्यानंतर

दसऱ्याला आणलेला स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं. आता श्रावण लागला. दहा महिन्यांत त्यात आमटी झाली, मटण झालं, गव्हाची खीर झाली, पण सगळ्यात जास्त वेळा शिजले ते बटाटे. आख्खे, सालासकट, कोरडे. 'त्यात बेक्ड पोटॅटो होतो का हो?' असं सोसायटीतल्या तिघांनी वेगवेगळ्या वेळी विचारलं आणि तिघांना मी तीन उत्तरं दिली, कारण तोवर माझंच मत ठरलं नव्हतं. आता ठरलंय.

आधी घरची परिस्थिती सांगतो, नाहीतर पुढचं सगळं रिकामटेकड्याची हौस वाटेल. आम्ही ठाण्यात चरईत राहतो. माणसं चार आणि जेवायच्या वेळाही चार. आई साडेसातला पानावर बसते. लेक क्लासहून साडेआठला येते. मी ऐरोलीहून नऊपर्यंत पोचतो. बायको फोर्टहून येते, गाड्या वेळेवर असल्या तर साडेनऊ, पावसात काही सांगता येत नाही. कुकरमध्ये उकडलेला बटाटा साडेसातला छान असतो, साडेनऊला त्याचा थंडगार गोळा झालेला असतो आणि मायक्रोवेव्हमधून काढला की कडेने चामट. जो जेव्हा येईल त्याला तेव्हा गरम मिळावं, एवढीच माझी अपेक्षा होती.

यंत्र साधं आहे. साडेतीन लिटरचं, 200 वॉटचं. आत उचलून काढता येणारं चिनी मातीचं जाड भांडं, वर काचेचं झाकण, पुढे एकच फिरवायचं बटण: बंद, लो, हाय, वॉर्म. डिजिटल पडद्याचं मॉडेल हजारेक रुपयांनी महाग होतं म्हणून सोडलं. तो चिक्कूपणा पुढे शहाणपणा ठरला, ते येईलच.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. चार बटाटे धुऊन, पुसून, काट्याने टोचून, तेलमीठ चोळून आत ठेवले आणि अंघोळीला गेलो. बाहेर येतो तर आईने वाटीभर पाणी ओतलेलं. "अरे, विसरला होतास. कोरडा बटाटा शिजतो का कधी?" संध्याकाळी निघाले ते सरळसरळ उकडलेले बटाटे, फक्त पाच तास उशिरा. बटाट्यात वजनाच्या जवळजवळ चार पंचमांश पाणीच असतं. झाकणाखाली तेवढं त्याला पुरतं. हे आईला पटवायला मला पेणची पोपटी काढावी लागली. तिचं माहेर तिकडचं. थंडीत वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी मडक्यात भरायची, वरखाली भांबुर्ड्याचा पाला, मडकं उपडं घालून भोवती जाळ. त्यात कुठे पाणी घालतात? "ते निराळं," ती म्हणाली, पण दुसऱ्या दिवसापासून पाणी बंद झालं.

तिनेच मग या यंत्राला नाव दिलं. "म्हणजे हा वैल आहे." ज्यांनी चूल पाहिली नाही त्यांच्यासाठी: चुलीच्या मुख्य तोंडाशेजारी दुसरं तोंड असतं, त्याला स्वतःचा जाळ नाही, चुलीचाच उरलेला विस्तव त्याला मिळतो. आमटी, दूध, अंघोळीचं पाणी वैलावर. भाकरी मात्र वैलावर कोणी भाजत नाही. माझे दोन महिने नेमके तेच करण्यात गेले: वैलावर भाकरी भाजण्यात.

कारण बेक्ड बटाटा म्हणजे काय, तर आत भुसभुशीत आणि बाहेर कडक, सुरकुतलेली, खरपूस साल. आतला भाग स्लो कुकरमध्ये होतो. साल होत नाही. साल खरपूस व्हायला ती आधी कोरडी पडावी लागते आणि मग 140 अंशांच्या वर जावी लागते. इथे आतली हवा उकळीच्या अलीकडेच थांबते आणि बटाट्यातून निघालेली वाफ झाकणाला लागून परत त्याच्याच अंगावर टपकते. साल ओलसर, चिवट होते. झाकणाखाली सुती फडकं ताणून बसवलं, त्याची टोकं झाकणावर बांधून घेतली, की टपकणं थांबतं आणि पुष्कळ फरक पडतो. टोकं बाजूला लोंबू देऊ नका, बाहेरचं पत्र्याचं अंग चांगलंच तापतं. पण फडकं लावूनही ती ओव्हनची साल नव्हे.

आता आमची पद्धत बसली आहे. दीडशे-दोनशे ग्रॅमचे बटाटे, साधारण एका मापाचे, एका थरात. हायवर साडेचार तास, मग वॉर्मवर. जो येईल तो आपला बटाटा काढतो, मधोमध चिरतो, लोखंडी तव्यावर चमचाभर तेलात आधी कापलेली बाजू, मग साल दाबून पाच मिनिटं भाजतो. हे पाच मिनिटांचं काम टाळायचं असेल तर तुम्हाला मिळेल तो चांगला वाफवलेला बटाटा. तो वाईट नसतो, त्याला बेक्ड म्हणू नका इतकंच. बायको वर लोणी आणि चिमूटभर कांदा-लसूण मसाला घेते. लेक चीज. आई दही, दाण्याचं कूट, मिरचीचा ठेचा. मला आईचं आवडतं.

लोवर आठ तास हे सगळीकडे वाचायला मिळतं. मी ते सोडलं. लो आणि हाय शेवटी बहुतेक एकाच तापमानाला पोचतात, लोला तिथे जायला वेळ लागतो. हा रेंगाळणारा वेळच बटाट्याला बाधतो. 60-70 अंशांच्या आसपास फार वेळ राहिला की त्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन उलट घट्ट होतं, आणि मग तास वाढवले तरी मधे दडस गाठ राहते. बाहेरून मऊ, सुरी घातली की मध्यावर अडते. पहिल्यापासून हायवर ठेवला तर हे होत नाही. आमसूल, चिंच, टोमॅटो घातलेल्या रश्शात कच्चा बटाटा टाकला तरी हीच गत, आंबट त्याला मऊ होऊ देत नाही. आंबट शेवटी.

बटाटा कुठला घेता यावरही बरंच आहे. जांभळी नाक्यावर विचारलं तर तळेगाव, इंदूर, आग्रा अशी गावांची नावं सांगतात, वाणाचं नाव फारसं कोणी सांगत नाही. फेब्रुवारी-मार्चचा नवा बटाटा, नखाने साल निघते तो, यासाठी घेऊ नका. पाणी जास्त, शिजल्यावर चिकट. रस्साभाजीला उत्तम. पावसाळ्यात शीतगृहातला येतो, तो कधी कधी चक्क गोड लागतो, कारण थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते. (म्हणूनच घरीही बटाटे फ्रिजमध्ये ठेवायचे नाहीत.) मला सगळ्यात जमला तो चिपसोना. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने 1998 मध्ये वेफर्ससाठी काढलेला वाण. पाणी कमी, साखर कमी, आणि शिजल्यावर पिठूळ. काट्याने नुसतं फिस्कटलं की भुगा होतो. सहज मिळत नाही, दिसला की दोन किलो उचलतो. हिरवा पडलेला किंवा कोंब आलेला बटाटा मात्र नको. त्यातलं सोलॅनिन हे विष शिजवून जात नाही, या यंत्रात तर नाहीच.

फॉइलबद्दल जरा सविस्तर, कारण परदेशी पाककृतींमध्ये प्रत्येक बटाटा फॉइलमध्ये गुंडाळायला सांगतात. मीही महिनाभर गुंडाळले. साल आणखी ओली होते, फायदा शून्य. पण सोडण्याचं कारण वेगळं आहे. 1994 मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या एल पासो शहरात एका ग्रीक रेस्टॉरंटमुळे 30 जणांना बॉट्युलिझम, म्हणजे एका जंतूच्या विषाने होणारा जीवघेणा आजार झाला. फॉइलमध्ये भाजलेले बटाटे तसेच गुंडाळलेले बाहेर पडून राहिले होते आणि मग त्यांची चटणीसारखी डिप केली गेली. मातीतून आलेले या जंतूचे बीजाणू उकळीच्या तापमानाला मरत नाहीत, त्यांना 121 अंश लागतात. फॉइलच्या आत हवा नाही, ओलावा आहे, ऊब आहे. म्हणजे त्यांना घर बांधून दिल्यासारखंच. गुंडाळायचेच असतील तर शिजल्यावर लगेच सोडवा, आणि उरले तर उघडे करून फ्रिजमध्ये. वॉर्मवर गरम राहतात तोवर चिंता नाही, बंद करून रात्रभर आत ठेवायचे नाहीत.

यावरूनच जुलैमध्ये घरात एक भांडण झालं. आई पेणला गेली होती, घरी कोणी नव्हतं. मी सकाळी बटाटे भरून टायमरच्या सॉकेटला लावून गेलो. कच्चे बटाटे चार तास नुसते बसले तर काही बिघडत नाही, मटणाचं तसं करू नका. रात्री आलो तर बटाटे कोमट, अर्धवट मऊ, आणि मायक्रोवेव्हच्या घड्याळात शून्यं लुकलुकत होती. दिवसा कधीतरी वीज गेली होती. किती वेळ, देव जाणे. मी सगळे टाकून दिले. फोनवर आईला सांगितलं तर ती दहा मिनिटं बोलत होती. "अन्न टाकलंस? परतून घ्यायचे होतेस!" चार बटाट्यांसाठी मी धोका पत्करणार नाही हे माझं म्हणणं आजही कायम आहे, तिचंही तिचं कायम आहे. घरी कोणी असेल आणि वीज कधी गेली ते माहीत असेल तर लगेच गॅसवर घेऊन शिजवून टाकता येतं. आणि इथे तो चिक्कूपणा कामी येतो: फिरवायच्या बटणाचं मॉडेल वीज आल्यावर आपोआप पुन्हा सुरू होतं. अनेक डिजिटल मॉडेलं बंदच राहतात.

आता रताळी. महाशिवरात्रीला सहज म्हणून पाच-सहा रताळी आत टाकली, लोवर, सहा तास. झाकण उघडलं तर भांड्याच्या बुडाशी काकवीसारखा पाक सुटलेला आणि रताळी अशी गोड की आईने किसात साखर घातली नाही. बटाट्याला जो रेंगाळणारा वेळ बाधतो तोच रताळ्याला मानवतो. त्यात एक विकर असतं, बीटा-अमायलेज. ते साधारण 60 ते 75 अंशांच्या टप्प्यात स्टार्चचं माल्टोज करतं, म्हणजे साखर. प्रेशर कुकर हा टप्पा काही मिनिटांत ओलांडतो, हे यंत्र तासन्‌तास तिथे घुटमळतं. राखेत भाजलेलं रताळं गोड का लागायचं, ते तेव्हा कळलं. आषाढीला शेजारच्या दोन घरांची रताळीही आमच्याकडेच शिजली. एकादशी, दुप्पट खाशी, ती आमच्या घरी तिप्पट झाली.

बाकी थोडक्यात. खर्च: प्लगवरच्या छोट्या मीटरवर हायचे साडेचार तास म्हणजे सुमारे 0.9 युनिट. तीन शिट्ट्यांचा गॅस त्यापेक्षा नक्की स्वस्त, तेव्हा बचतीसाठी घेऊ नका. एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघर तापत नाही हा फायदा मात्र पैशात मोजता येत नाही. राजमा कच्चा टाकू नका, भिजवून, ते पाणी फेकून, आधी गॅसवर दहा मिनिटं खळाखळा उकळा, नाहीतर त्यातलं विष तसंच राहतं. गरम भांडं नळाखाली धरू नका, तडकेल. अमेरिकेहून कोणी आणून देत असेल तर नको म्हणा: वरच्या मजल्यावरच्यांनी तिकडचा 120 व्होल्टचा इथे लावला. दाब दुप्पट म्हणजे तापणारी ताकद चौपट, दहा मिनिटांत धूर.

हे यंत्र काढलं त्या आयर्विंग नॅक्सनला अमेरिकेत 1940 मध्ये पेटंट मिळालं. त्याची आई लिथुआनियाच्या आठवणी सांगायची: शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी कडधान्यांचं 'चोलंत' नावाचं कालवण भरून भांडी गावच्या बेकरीत न्यायची आणि विझत्या भट्टीच्या उबेत रात्रभर ठेवायची. हे आईला वाचून दाखवलं. "मग, मी काय म्हणत होते," ती म्हणाली. "वैलच."

तक्रार एकच. चौथ्या महिन्यात बटणाभोवतीची अक्षरं पुसली गेली. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर आलं की हे वॉरंटीत बसत नाही. शेवटी आईने लेकीची लाल नेलपॉलिश घेऊन ठिपके काढले. एक ठिपका रताळ्याचा, दोन ठिपके बटाट्याचे.