टर्कीच्या रक्तासाठी स्पिन कॉलम डीएनए किट: काम चोख, माहितीपत्रक अपुरं

स्थानिक आणि परदेशी टर्की पक्ष्यांच्या चयापचयाशी निगडित जनुकातला फरक पीसीआर-आरएफएलपीने (पीसीआरने जनुकाचा तुकडा वाढवून तो एन्झाइमने कापून बघायची पद्धत) तपासायला हे किट चांगलं. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायच्या, गाळणी असलेल्या छोट्या नळीत म्हणजे कॉलममध्ये ते रक्तातला डीएनए वेगळा करतं. पण माहितीपत्रकातलं २०० मायक्रोलिटर रक्त सस्तन प्राण्यांसाठी आहे. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींतही केंद्रक असतं, सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशींत ते नसतं; म्हणून पक्ष्यांच्या रक्तात डीएनए कितीतरी जास्त. तेवढं रक्त घातलं की मिश्रण चिकट होऊन कॉलम तुंबलाच म्हणून समजा. ५ ते १० मायक्रोलिटर रक्त घेऊन बफरने २०० करावं. रक्त गोठू नये म्हणून नळी ईडीटीएची हवी; त्याच कामाचं हेपॅरिन पीसीआर अडवतं.

शेवटच्या धुण्यानंतर कॉलम एकदा कोरडा फिरवावाच. इथेनॉल उरलं तर तेही पीसीआर अडवतं. पुढे एन्झाइमने अर्धवट कापलं तर समयुग्मजी (जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्या असलेला) पक्षी जेलवर, म्हणजे तुकडे लांबीनुसार वेगळे दिसतात तिथे, चक्क विषमयुग्मजी (दोन प्रती वेगळ्या असलेला) दिसतो! म्हणून कापला जाणारा एक माहितीतला नमुना प्रत्येक जेलवर सोबत ठेवावा. किटमध्ये तो मिळत नाही.